बारा मशिनं, एक हार

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता ‘नवप्रभात महिला विकास मंडळा’च्या गोदामाचं कुलूप तुटलेलं सापडलं आणि नऊ वीसला चोरही सापडला. पाच मिनिटं. एवढ्यात चहासुद्धा धड उकळत नाही.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. घाटकोपर पूर्वेच्या त्या इमारतीत सगळ्यात गरीब माणूस कोण, एवढंच बघायचं होतं. तो होता वॉचमन दशरथ गुरव. अठरा वर्षं गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला, संपात नोकरी गेलेला आणि गेली तीन वर्षं मंडळाच्या जिन्याखालच्या खोलीत बायकोबरोबर राहणारा. गोदामाच्या दोन चाव्यांपैकी एक त्याच्या कमरेला. चावी असलेला माणूस कुलूप कशाला तोडेल, हे कोणी विचारलं नाही. रविवारी दुपारी तो बायकोला घेऊन गाववाल्यांच्या मीटिंगला परळला गेला होता. झालं, आणखी काय पुरावा पाहिजे?

“बारा शिलाई मशिनं गेली, दशरथ,” मंडळाचे सचिव मार्तंड उपासनी म्हणाले. “बारा! विधवांच्या पोटावर पाय दिलास. लाज नाही वाटली?”

“साहेब, मी असला काम करूक नाय. देवाशपथ.”

“देवाला मध्ये आणू नकोस. हे बघ, पोलिसात जायची आमची इच्छा नाही. या कागदावर सही कर, खोली सोड, गावाला जा. शुक्रवारी अकराला देणगीदार संस्थेचे पाहुणे येतायत. त्याच्या आत सही झाली नाही, तर मात्र पोलीस.”

दशरथने कागद घेतला, सही केली नाही. सही केली तर छप्पर गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे चोर हे नाव कायमचं कपाळावर. मुंबईत चोराला वॉचमन कोण ठेवणार? नाही केली, तर कोठडी. तो कागद घेऊन तसाच चालत असल्फ्याच्या टेकडीवर विमला गावडेकडे आला.

विमला म्हणजे वकील नव्हे, पुढारी नव्हे. लालबागला वीस वर्षं तिची खाणावळ होती. चाळीस गिरणी कामगार दोन पाळ्यांत जेवायचे. कोण जेवला, कोण न जेवता उठला, कोणी दुसऱ्याच्या नावावर जेवून घेतलं, हे ती उष्ट्या ताटांवरून सांगायची आणि तिचं कधी चुकलं नाही. संपात खाणावळ बसली. आता टेकडीवर पोळीभाजी विकते. पण भांडण झालं, माणूस हरवला, कोणी फसवलं, की लोक अजून तिच्याकडेच येतात.

तिने पिठाचे हात पुसले आणि कागद वाचला.

“‘मी, दशरथ गुरव, बारा शिलाई मशिनं चोरल्याचं कबूल करतो.’ वा रे वा. हा कागद तुका किती वाजता दिल्यानी?”

“साडेनऊ झाली असतीत, वयनी.”

“टाईप केलेलो आसा. थंय टाईप कोण करता?”

“रत्नप्रभा बाय. ती धा वाजता येता.”

विमलाने कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला.

“चोरी कळली सव्वानऊला. टायपिस्ट येते दहाला. आणि कबुली साडेनऊला तयार. दशरथ, तू चोर नाहीस. पण चोरी होणार हे कोणाला तरी आधीच माहीत होतं.”

२

मंडळाच्या सभागृहात पायाखाली संगमरवर होता. दारावर पितळी अक्षरांत अध्यक्षा मृणालिनीबाई प्रधान यांच्या सासऱ्यांचं नाव होतं. महिला विकासासाठी बांधलेल्या या हॉलमध्ये वर्षाकाठी चार वेळा महिला येत. तीन वेळा हळदीकुंकवाला आणि एकदा फोटोला.

समोर जरीचं कापड जमिनीपर्यंत सोडलेलं एक टेबल होतं. त्यावर सरस्वतीची तसबीर, पुढे समई. मागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा आणि त्याखाली तसबिरीच्या आकाराचा पांढरा चौकोन.

विमला शुक्रवारच्या जेवणाची ऑर्डर पक्की करायला म्हणून आली होती. पाहुण्यांना अस्सल कोकणी जेवण घालायचं ठरलं होतं, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. अस्सल कोकणी माणसाचं काय करायचं, तेही ठरलं होतं.

“बाई, दशरथ आमच्या गावचा. मी त्याला लहानपणापासून ओळखते. शुक्रवारपर्यंत मला जरा विचारपूस करू द्या. माल कुठे गेला कळलं, तर तुमचाच फायदा.”

मृणालिनीबाईंनी उपासनींकडे पाहिलं. उपासनींनी मान हलवली.

“विचारा की,” बाई मऊ आवाजात म्हणाल्या. “पण खरं सांगू का विमलाबाई? त्याला समजवा आणि सही करायला लावा. त्याच्याच भल्याचं आहे. मला त्याचा राग नाही, दुःख आहे. हो, दुःख. गणपतीनंतर आम्ही बाराही मशिनं बायकांकडून ऑइलिंगला मागवून घेतली. खंडेनवमीला मी स्वतः गोदामात उभी राहून बाराही मशिनांची पूजा केली. एकेकीला हळदकुंकू वाहिलं. आणि महिन्याभरात हा प्रकार!”

बाईंचे डोळे भरून आले. खरंच आले. असल्या बायकांना रडायला कांदा लागत नाही.

“पोलिसांना का नाही बोलावलं? बारा मशिनं म्हणजे काय थोडा माल झाला?”

“माणुसकी!” उपासनी म्हणाले. “गरिबाला तुरुंगात टाकायचं आमच्या जिवावर येतं.”

“मोठं मन तुमचं,” म्हणून विमला वळली आणि तिच्या पायाचा अंगठा जरीच्या कापडाखाली कशावर तरी थाडकन आपटला. लोखंडाचा गार स्पर्श.

“आई गं!”

“सांभाळून,” उपासनी घाईने पुढे आले आणि कापडाची चुणी सारखी केली. “जुनं टेबल आहे.”

“लागायचंच,” विमला म्हणाली. “लोखंड आमच्याच पायाला लागतं.”

३

गोदाम म्हणजे आठ बाय दहाची खोली. एका बाजूला वार्षिक अहवालांचे गठ्ठे छातीइतके उंच. दुसरीकडे मोडक्या खुर्च्या आणि कापडी बॅनर. विमला उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने खोलीत मनातल्या मनात पानं मांडली.

अशाच खोलीत तिने वीस वर्षं पंगत वाढली होती. बारा माणसं बसवायची तर मांडीला मांडी लावावी लागे, आणि वाढणारीला पाऊल ठेवायला जागा ठेवावी लागे ती वेगळीच. पायाचं मशीन मांडी घालून बसलेल्या माणसापेक्षा मोठं. वर हे गठ्ठे, या खुर्च्या. मशिनं एकमेकांच्या डोक्यावर ठेवली होती काय?

ती गुडघ्यावर बसली. जमिनीवर धुळीचा जाड थर होता. चपलांचे ठसे त्यात उमटले होते. एका कोपऱ्यात मात्र धूळ नव्हती. चौकोनात चार गंजाचे डाग होते, आणि त्यांच्या मधोमध झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

“विमलाबाई, तुम्हाला इथे काय सापडणार?”

दारात रत्नप्रभा उभी होती. तिशीची, सडपातळ, हातात स्टेन्सिलची शाई. शिवणवर्गाची बाई म्हणून तिला ठेवली होती. वर्ग जूनपासून बंद होता, तेव्हापासून ती टायपिंग करायची.

“तू बाराही मशिनं बघितलीस गं?”

रत्नप्रभाने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

“मी एकच बघितलंय. वर्गाचं. त्या कोपऱ्यात असायचं. वर्गाच्या सगळ्या बायका पाळीपाळीने त्याच्यावरच शिकल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून त्याच्या फळीवर गरम इस्त्री राहिली, डाव्या अंगाला काळा डाग पडला. बाई केवढ्या चिडल्या होत्या! बाकीची मशिनं बायकांच्या घरी दिली असं सांगायचे. परत मागवली, तेव्हा मुलुंडच्या शाखेत ठेवली म्हणाले. मग गोदामात कधी आली? मला नाही माहीत.”

“मुलुंडला शाखा आहे?”

“लेटरहेडवर आहे.”

“आणि तू विचारलं नाहीस.”

“विमलाबाई, माझे दोन भाऊ शिकतायत. विचारणाऱ्याला इथे ठेवत नाहीत.” ती ओठ चावत म्हणाली. “तुम्ही मला भित्री म्हणाल.”

“म्हणणारच. पण भित्र्या माणसालाही डोळे असतात. सांग, पाहुणे शुक्रवारी येतायत हे कधी कळलं?”

“गेल्या गुरुवारी पत्र आलं. मीच उघडलं. त्यांना हॉलमधला कार्यक्रम नको. बाराही बायकांच्या घरी जाऊन मशिनं चालताना बघायचीत. ते वाचून साहेब खुर्चीत बसले ते तासभर उठले नाहीत. आणि ती सरस्वती, ती शनिवारपर्यंत भिंतीवर होती. टेबल कुठून आलं कोण जाणे.”

“दशरथचा कबुलीजबाब तू टाईप केलास?”

रत्नप्रभाचा चेहरा उतरला.

“कसला कबुलीजबाब?”

४

गेटच्या शेजारी चंद्रप्रकाशचा इस्त्रीचा ठेला. बनारसकडचा माणूस. रस्त्यावरची हालचाल त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. विमलाने त्याला दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी कागदात बांधून दिली.

“रविवारला दुपारी होतास ना रे इथे?”

“मी कुठे जाणार मौसी? ठेला हाच घर.” त्याने पोळीचा तुकडा मोडला. “दशरथभाऊ आणि भाभी दोन वाजता गेले, चारला परत आले.”

“मधल्या वेळात टेम्पो आला? हातगाडी?”

चंद्रप्रकाश हसला. “टेम्पो? समोरच्या सोसायटीत लग्न होता. पूरा गल्लीमध्ये मंडप. मी स्वतः माझा ठेला चार हात मागे घेतला. सायकल पण हातात धरून न्यावी लागत होती. इथून बारा मशीन निघाले असते तर नवरदेव घोड्यावरून उतरून बघत राहिला असता!”

“मग आत कोणी गेलं?”

“उपासनीसाहेब. अडीचला आले. खाली हात. साडेतीनला गेले, खाली हात. मी सलाम केला, त्यांनी बघितला नाही.”

“आत काय करत होते?”

“आधी ठोकाठोकी. मग काहीतरी ओढल्याचा आवाज, घर्र घर्र. मग बराच वेळ टक-टक-टक. थांबून थांबून. रत्नप्रभा दीदीचा हात फटाफट चालतो. हा कोणी कच्चा माणूस होता.”

कुलूप कोणी तोडलं ते कळलं. कागद कोणी टाईप केला तेही कळलं. पण माणूस रिकाम्या हाताने आला आणि रिकाम्या हाताने गेला. गल्लीतून मुंगीला वाट नव्हती. मग मशिनं गेली कुठे?

“मौसी, ती मशीन काय हवेत उडून गेली?” चंद्रप्रकाश म्हणाला.

५

जिन्याखालच्या खोलीत दशरथ गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्याच्या बायकोने पत्र्याची ट्रंक भरायला घेतली होती.

“ट्रंक खाली ठेव गं,” विमला म्हणाली. “दशरथ, मान वर कर. दसऱ्याला काय केलंस, नीट आठवून सांग. मंडळात खंडेनवमीची पूजा कोणी केली?”

“मीच करतंय, वयनी. दरवर्सा. गिरणीत आमच्या खात्यात साच्याची पूजा माझ्याकडे होती. अठरा वर्सां. ज्येच्या जिवार पोट भरता, त्याका फुल घातल्याबिगर...”

“बाई होत्या?”

“खंय! बाईंनी दोन मिनटां येऊन नमस्कार केल्यानी, हॉलाच्या दारातसून.”

“कशाकशाला फुलं घातलीस?”

दशरथ बोटांवर मोजू लागला. “गेटाच्या कुलपाक. माझ्या दांड्याक. रत्नप्रभाच्या कातरीक, टायपरायटराक. पाण्याच्या पंपाक. पान्याक, स्क्रू ड्रायव्हराक. मशीनाक.”

“मशीनाला हार किती केलेस?”

“एक.”

“एकच? बारा मशिनं होती ना?”

दशरथने पहिल्यांदा मान पूर्ण वर केली.

“बारा खंयची, वयनी? मशीन एकच होता. बारा असती तर बारा हार केले असतंय. फुलां कमी पडली असती तर स्वतःच्या दाराक घातली नसतंय. स्क्रू ड्रायव्हर सोडूक नाय मी, मशीन सोडीन?”

“मग उपासनीला हे सांगितलं का नाहीस, माणसा?”

“कोणी इचारल्यानीच नाय. आणि माका वाटला, बाकीची मागसून आणली असतील, माझ्या पाठीमागे. साहेब लोकांचा काय...”

विमला जोरात हसली. ट्रंकेपाशी बसलेली बाई दचकली.

गोदामातून आणलेले तीन वार्षिक अहवाल तिने जमिनीवर पसरले. त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. दरवर्षी चार फोटो. प्रत्येक फोटोत एक बाई नव्या साडीत मशिनासमोर बसलेली, बाजूला हसऱ्या मृणालिनीबाई. खाली छापलेलं, ‘निराधार भगिनीस शिलाई मशीन प्रदान’. बारा बायका. बारा नावं, बारा पत्ते. मानखुर्द, जोगेश्वरी, ट्रॉम्बे, कुर्ला. मुंबईच्या चार टोकांच्या बायका, एकीचं घर दुसरीला माहीत नसलेल्या.

विमलाने चष्मा लावला आणि बायकांचे चेहरे सोडून मशीन बघायला लागली. फळीचा डावा कोपरा. पहिला फोटो, दुसरा, पाचवा, बारावा.

सगळीकडे तिथेच, तोच, इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग.

६

पहिल्या अहवालातलं पहिलं नाव सुगंधा तोरसकर, मानखुर्द. विमला बुधवारी गेली.

दहा बाय दहाच्या खोलीत सुगंधा, तिची सासू आणि दोन मुली. पावलापावलावर भांडं, नाहीतर अंथरूण. आणि खिडकीखालचा एक कोपरा मात्र रिकामा. स्वच्छ सारवलेला. तिथे एक घडी घातलेलं कापड होतं, फुलाफुलांचं, हाताने शिवलेलं.

“हे काय गं?”

सुगंधा लाजली. “कव्हर. मशीनचं. घरी मशीन येणार म्हणून शिवून ठेवलं. धूळ बसू नये म्हणून.”

“तीन वर्षं झाली.”

“हो ना. स्टेजवर बसवून फोटो काढला. मग म्हणाले, कागदपत्रं झाली की घरी पाठवू. बाकीच्यांची गेली असतील. माझंच काहीतरी राहिलं असेल. माझ्याकडे रेशन कार्ड नवऱ्याच्या नावाचं होतं ना, तेच अडलं असणार.” ती पदराशी चाळा करत होती. “मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा जायची लाज वाटली. फुकट मिळतंय, वर तगादा कसा लावायचा?”

“मग ऑइलिंगला मशीन परत मागवायला कोणी आलं होतं?”

“कसलं मशीन? आलंच कुठे?”

“तुझ्या सासूला मधल्या तीन वर्षांत त्या कोपऱ्यात झोपता आलं असतं.”

“नाही झोपू दिलं,” सासू भिंतीकडून म्हणाली. “म्हणते, मशीनची जागा.”

विमला कधी रडत नसे. तिथेही रडली नाही. तिच्या डोक्यात मात्र काहीतरी पेटलं. बारा बायका, बारा रिकामे कोपरे, आणि प्रत्येकीला वाटतंय की आपलंच काही चुकलं. दान देणाऱ्या मंडळाने काय शोधून काढलं होतं! ज्याला लाज वाटते तो कधी विचारायला येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा होता.

“शुक्रवारी सकाळी दहाला घाटकोपरला ये. ते कव्हर घेऊन.”

“मशीन मिळणार?”

“आधी एका माणसाचं नाव परत मिळवायचंय. मग मशीन.”

परतताना बसमध्ये तिने पुन्हा सगळं मांडलं. अकरा मशिनं कधी नव्हतीच. पण एक होतं. त्याचे गंजाचे डाग जमिनीवर आहेत, त्याचा हार तिथे सुकलाय. ते एक रविवारी गोदामातून हललं. गल्ली बंद, उपासनी रिकाम्या हाताने बाहेर. म्हणजे ते अजून त्याच इमारतीत आहे.

तिच्या पायाचा अंगठा ठणकला. विमलाने चप्पल काढून अंगठ्याकडे पाहिलं, आणि बसमध्ये सगळ्यांसमोर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

७

शुक्रवारी अकराला पाहुणे आले. देणगीदार संस्थेच्या पुणे कचेरीतल्या माणिकताई साने आणि एक गोरा, उंच साहेब. माणिकताई कमी बोलणाऱ्या, वही घेऊन आलेल्या. मृणालिनीबाईंनी समई लावली आणि चोरीची हकीकत सांगितली. आवाज जिथे भरून यायला पाहिजे तिथे आला.

“माणूस सापडलाय,” उपासनी म्हणाले. “आज सही करतोय. विमलाबाई, आणलं का त्याला?”

विमला वड्यांची परात घेऊन आली. मागून दशरथ, त्याच्या मागे सुगंधा, आणि तिच्या मागे आणखी सहा बायका. दोन दिवसांत विमलाला जेवढ्या सापडल्या तेवढ्या.

“आणलाय. सही पण आणलीय. पण त्याआधी पाहुण्यांना दोन गोष्टी सांगू?”

“ही वेळ नाही,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

“सांगू द्या,” माणिकताई म्हणाल्या.

विमलाने परात खाली ठेवली.

“हा कबुलीचा कागद. चोरी कळली सोमवारी सव्वानऊला. टायपिस्ट दहाला येते, तिने हा टाईप केला नाही. रविवारी दुपारी उपासनी इथे बसून एका बोटाने टक-टक करत होते, इस्त्रीवाल्याने ऐकलं. म्हणजे कुलूप तुटायच्या दिवशीच कबुली तयार. बरं, माल गेला कसा? रविवारी गल्लीत लग्नाचा मंडप. टेम्पो नाही, हातगाडी नाही. बारा मशिनं कोणी खिशात घालून नेली?”

“दशरथच्या ओळखीचे...” उपासनींनी सुरुवात केली.

“थांबा ओ. मी वीस वर्षं पंगती वाढल्यात. त्या गोदामात बारा मशिनं मावत नाहीत, बारा माणसंसुद्धा मावत नाहीत. पण मावली असं धरू. बाई मला म्हणाल्या, खंडेनवमीला बाराही मशिनांची पूजा स्वतः केली. बाई, त्या दिवशी पूजा दशरथने केली. हा माणूस स्क्रू ड्रायव्हरला फूल घालतो. मशीनला हार किती घातलास रे?”

“एक,” दशरथ म्हणाला. आवाज हॉलभर गेला.

“का?”

“एकच होता.”

विमलाने तिन्ही अहवाल माणिकताईंच्या पुढ्यात टाकले.

“फोटो बघा. बायका बारा आहेत. मशीन बघा. फळीचा डावा कोपरा. तो काळा डाग रत्नप्रभाच्या हातून पडलाय, तीन वर्षांपूर्वी. पडलाय ना गं?”

रत्नप्रभा दाराला टेकून उभी होती. तिने उपासनींकडे पाहिलं, मग सुगंधाच्या हातातल्या फुलाफुलांच्या कापडाकडे.

“पडलाय,” ती म्हणाली. “माझ्याच हातून. मशीन एकच होतं. दरवर्षी तेच स्टेजवर न्यायचे.”

“या बायकांना विचारा कोणाच्या घरी मशीन पोचलं. प्रत्येकीला वाटत होतं आपल्या एकटीचंच राहिलंय. तुमचं पत्र आलं, घरोघरी जाऊन बघायचंय म्हणून. आता दाखवणार काय? मग चोरी करावी लागली. नसलेला माल असल्याचं दाखवायचा तोच एक रस्ता होता. एक मशीन चोरीला गेलं म्हणाले असते ना, तर दशरथ मेला असता, मी पण काही करू शकले नसते. पण यांना बारा पाहिजे होती. तिथे घसरले.”

“हे बिनबुडाचे आरोप आहेत!” मृणालिनीबाई उभ्या राहिल्या. मऊ आवाज कुठच्या कुठे गेला. “एक होतं म्हणतेस, मग ते तरी कुठाय? दाखव!”

“ते गेटबाहेर नेता येत नव्हतं. इस्त्रीवाला बघत होता. गोदामात ठेवता येत नव्हतं. तिथे तर चोरी झालीय. मग ठेवलं अशा ठिकाणी, जिथे कोणी हात लावणार नाही.”

विमला टेबलाजवळ गेली. जरीच्या कापडाखाली पाय घातला आणि पंजा दाबला.

खडखड, खडखड, खडखड.

समई थरथरली. विमलाने ती दोन्ही हातांनी उचलून रत्नप्रभाकडे दिली, सरस्वतीची तसबीर माणिकताईंकडे दिली, आणि कापड ओढलं. खाली लोखंडी पाय, पायडल, चाक. वर फळी, मशीनचं डोकं आत दुमडलेलं. फळीच्या डाव्या कोपऱ्यात इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग. चाकाच्या आऱ्यांत अडकलेला सुकलेल्या झेंडूचा दोरा.

दशरथ पुढे आला. त्याने तो दोरा बोटाने अलगद सोडवला.

“ह्यो माझो हार,” तो म्हणाला.

गोऱ्या साहेबाने काहीतरी विचारलं. माणिकताईंनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. मग त्यांनी मान वर करून संगमरवराकडे, दारावरच्या पितळी अक्षरांकडे पाहिलं आणि वहीत लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या.

उपासनी खुर्चीत बसले होते. विमलाने तो टाईप केलेला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

“सही आणलीय म्हटलं होतं ना? नाव तेवढं बदला, आणि करा.”

त्यांनी केली नाही. पण दुपारी माणिकताईंच्या वहीत त्यांना जे लिहून द्यावं लागलं ते त्याहून लांब होतं. उरलेली अकरा मशिनं घेऊन द्यायच्या कबुलीसकट. दशरथवर संशय नाही हे मृणालिनीबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. माणूस चोर नाही असं लिहायला चार ओळी लागल्या. चोर म्हणायला एक ओळ पुरली होती.

“या मशिनाचं काय करायचं?” माणिकताईंनी विचारलं.

विमलाने पहिला अहवाल उघडला. “इथे छापलंय. त्र्याऐंशी साली सुगंधा तोरसकर हिला प्रदान. मंडळ खोटं बोलतं, पण छापलेलं खरं करायला काय हरकत आहे?”

माणिकताई पहिल्यांदा हसल्या.

वडे गार झाले होते. बायकांनी ते संगमरवरावर बसून खाल्ले. मग चौघींनी मिळून मशीन उचललं. चंद्रप्रकाश कुठूनशी हातगाडी घेऊन आला. सुगंधाने मशिनावर फुलाफुलांचं कव्हर घातलं. ते बरोबर बसलं. तिने तीन वर्षांपूर्वी स्टेजवर नजरेनेच माप घेतलं होतं.

गाडी गेटपाशी आली. गेट बंद होतं. दशरथ टोपी घालून, दांडा हातात घेऊन मध्ये उभा होता. अठरा वर्षं गिरणीच्या दारावर रोज त्याची झडती झाली होती. गेटमधून माल कसा जातो ते त्याला शिकवावं लागत नव्हतं.

“थांबा,” तो मोठ्याने म्हणाला. “माल बाहेर जाता. कोणाचो माल?”

बायका विमलाकडे बघायला लागल्या. विमला मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली.

सुगंधाने पदर खोचला. हातगाडीच्या दांडीवरचा हात घट्ट केला.

“माझा,” ती म्हणाली.

दशरथने गेट उघडलं.